मुका झालेला हॉर्न

ज्यांना निसर्गाने वाचा दिली नाही अशा कितीतरी वस्तूंना माणसाने वाचा दिली आहे. देवळातली घंटा, शाळेचा टोल, कारखान्याचा भोंगा, आगगाडीची शिट्टी आणि मोटारीचा हॉर्न ही सारी निर्जीव वस्तूंना शिकवलेली बोलणीच होत. प्रत्येकाचे बोलणे निराळे. टोल म्हणतो, ‘वेळ झाली.’ भोंगा म्हणतो, ‘पाळी बदलली.’ शिट्टी म्हणते, ‘निघालो.’ मोटारीच्या हॉर्नला मात्र एकच शब्द येतो, आणि तो म्हणजे ‘सावध!’ शब्द एकच असला तरी तो वेळेवर उच्चारला गेला नाही, तर एखाद्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हॉर्न मुका होणे ही वरवर क्षुल्लक दिसणारी गोष्ट वास्तविक क्षुल्लक नसते.

मी राहतो ते सातपूर नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नासर्डी अथवा नंदिनी नदीच्या काठचे हे एके काळी शेतकऱ्यांचे गाव होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे येथे कारखान्यांची वसाहत उभी राहिली. १९८२ मध्ये नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा सातपूरही शहरात सामावले गेले. शेतांच्या जागी यंत्रशाळा आल्या, बैलगाड्यांच्या जागी मालमोटारी आल्या, आणि बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा जे काम करीत होत्या, ते आता हॉर्नकडे आले.

मोटारीच्या या आवाजाचा इतिहासही मनोरंजक आहे. अगदी सुरुवातीच्या मोटारींना रबरी फुगा लावलेला पितळी पोंगा असे. चालक हाताने फुगा दाबी आणि पोंगा ‘पों’ असा आवाज करी. मोटारींचा वेग वाढला तसा हा आवाज अपुरा पडू लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मिलर रीस हचिसन या अमेरिकन संशोधकाने विजेच्या बळावर पोलादी पडदा थरथरवून मोठा आवाज काढणारे यंत्र तयार केले. ते ‘क्लॅक्सन’ या नावाने प्रसिद्धीस आले. गंमत अशी, की याच हचिसन यांनी त्यापूर्वी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्रही बनवले होते. ज्यांना ऐकू येत नव्हते त्यांना ऐकण्याचे साधन आणि ज्यांना ऐकू येत होते त्यांना सावध करण्याचे साधन, अशी दोन्ही साधने एकाच माणसाच्या बुद्धीतून निघाली!

आता मी सांगणार आहे ती हकिकत आमच्या गल्लीतील एका जुन्या व्हॅनची आहे. ही व्हॅन मुलांना शाळेत नेते आणि परत आणते. तिच्या चालकाला सारी मुले ‘व्हॅनकाका’ म्हणतात; म्हणून मीही त्याच नावाने त्यांचा उल्लेख करतो. व्हॅनचे वय झाले आहे, तिचा रंग विटला आहे. परंतु काकांनी तिची निगा घरच्या गाईप्रमाणे राखली आहे.

एका पावसाळ्यात या व्हॅनचा हॉर्न प्रथम घोगरा झाला. मग तो कधी वाजे, कधी वाजत नसे. अखेर एके दिवशी तो पूर्णपणे मुका झाला. काका दोन दिवस खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थापा मारीत आणि ‘बाजूला व्हा, बाजूला व्हा’ असे ओरडत गाडी हाकीत राहिले. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या वळणावर सायकलवरून येणारी एक लहान मुलगी व्हॅनच्या अगदी समोर आली. काकांनी करकचून ब्रेक दाबला. मुलीला खरचटलेसुद्धा नाही. पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मुलांना शाळेत पोहोचवले, व्हॅन आणून घरासमोर उभी केली आणि हॉर्न वाजल्याखेरीज तिला हात लावायचा नाही असे ठरवले.

निश्चय योग्य होता. पण व्हॅन उभी राहिली की काकांची कमाईही उभी राहते. ते एका दुकानात गेले. तेथे त्यांना सांगण्यात आले, की हॉर्न जळाला आहे, नवा घ्या. काकांनी नवा हॉर्न घेतला, जुन्याच्या जागी बसवला आणि बटण दाबले. नवा हॉर्नही गप्प! दुसरीकडे विचारले, तेव्हा सल्ला मिळाला, की गाडी जुनी आहे, सारे वायरिंगच बदलून टाका. त्या खर्चाचा आकडा ऐकून काका माझ्या ओट्यावर येऊन बसले. “सर,” ते म्हणाले, “मुलांच्या वह्यापुस्तकांना ठेवलेले पैसे आता या गाडीत घालायचे का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. परंतु ते शोधू शकेल असे एक माणूस मला ठाऊक होते. माझी एक जुनी विद्यार्थिनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून विजेचे काम शिकून मोटारींच्या वायरिंगच्या दुरुस्तीचे काम करते. मी निरोप धाडला आणि रविवारी सकाळी ती आपली लहानशी पेटी घेऊन आली.

मला वाटले होते, की ती येताच पाना काढील आणि स्क्रू फिरवू लागेल. तिने तसे काहीच केले नाही. ती व्हॅनच्या पायरीवर बसली आणि एखादा वैद्य रोग्याला विचारतो त्याप्रमाणे विचारू लागली.

“काका, हॉर्न एकाएकी बंद पडला, की आधी घसा बसल्यासारखा झाला होता?”

“आधी घसा बसला, ताई. मग मधूनमधून बंद पडायचा.”

“पाऊस असला की जास्त बंद पडायचा का?”

काकांनी क्षणभर आठवून पाहिले. “हो, खरेच! पावसातच अधिक.”

“बरे. दिवे कसे लागतात? इंजिन पटकन सुरू होते ना?”

“दिवे लख्ख आहेत. इंजिनही एका खटक्यात सुरू होते.”

“म्हणजे बॅटरी चांगली आहे,” ती म्हणाली, आणि आपल्या वहीत तिने पहिली खूण केली.

पुढची गोष्ट नीट समजण्यासाठी हॉर्नपर्यंत वीज कोणत्या वाटेने जाते, ते आपण पाहू. व्हॅनमध्ये १२ व्होल्टची बॅटरी असते. बॅटरीतून निघालेली वीज प्रथम फ्यूजमधून जाते. फ्यूज म्हणजे वाटेवरचा पहारेकरी. मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह आला, की त्यातील बारीक तार स्वतः वितळते आणि पुढच्या साऱ्या वायरिंगला वाचवते. त्यानंतर येतो रिले. हॉर्नला बराच प्रवाह लागतो. तो सगळा स्टिअरिंगवरच्या नाजूक बटणातून नेला, तर बटण लवकर जळून जाईल. म्हणून बटण फक्त रिलेला लहानसा इशारा देते. इशारा मिळताच रिलेमधील विद्युतचुंबक ‘टक’ असा आवाज करीत एक पट्टी ओढून घेतो आणि हॉर्नकडे जाणारी मोठी वाट उघडतो.

हॉर्नच्या आतही एक विद्युतचुंबक आणि त्याच्यासमोर पोलादाचा पातळ पडदा असतो. वीज आली की चुंबक पडद्याला ओढतो. पडदा ओढला गेला की आतला संपर्क तुटतो आणि वीज थांबते. वीज थांबली की चुंबकाची ओढ संपते आणि पडदा मागे येतो. तो मागे येताच संपर्क पुन्हा जुळतो. ही ओढाताण सेकंदाला काही शे वेळा चालते, आणि त्या थरथरीलाच आपण हॉर्नचा आवाज म्हणतो. शाळेतील विजेची घंटा याच तत्त्वावर वाजते. हॉर्न हा त्या घंटेचा चुलतभाऊच म्हणा ना!

परंतु एवढ्याने वाट संपत नाही. हॉर्नपर्यंत गेलेल्या विजेला बॅटरीकडे परत यावे लागते. परतीसाठी पुष्कळ गाड्यांत निराळी तार नसते. गाडीचे लोखंडी अंग हीच परतीची वाट. हॉर्न ज्या पट्टीवर बसवलेला असतो, ती पट्टी बोल्टने गाडीच्या अंगाला जोडलेली असते, आणि त्या अंगातून वीज बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतते. गॅरेजात याला ‘अर्थिंग’ म्हणतात. वस्तुतः गाडी रबरी चाकांवर उभी असते, तिचा जमिनीशी असा काही संबंध नसतो. तरीही नाव तेच रूढ झाले आहे. जाण्याची वाट आणि परतण्याची वाट मिळून एक पूर्ण वर्तुळ होते. हे वर्तुळ कोठेही तुटले, की हॉर्न मुका!

आता आमच्या विद्यार्थिनीने काय केले ते ऐका. तिच्या हाती एक साधा चाचणीचा दिवा होता. एक लहान बल्ब, त्याला जोडलेली टोकदार सळई आणि लांब तारेच्या टोकाला एक चिमटा, एवढाच त्याचा संसार. तिने चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावला आणि सळई फ्यूजच्या एका बाजूस टेकवली. दिवा लागला. दुसऱ्या बाजूस टेकवली. तेथेही लागला. “फ्यूज शाबूत,” ती म्हणाली, आणि वहीत दुसरी खूण झाली.

मग तिने काकांना बटण दाबायला सांगितले आणि स्वतः रिलेजवळ कान नेला. आम्हा सर्वांना गप्प बसण्याची खूण केली. काकांनी बटण दाबताच ‘टक’ असा बारीक आवाज आला. “ऐकलेत?” तिने हसून विचारले, “बटण बोलते आहे आणि रिले ऐकतो आहे.” तिसरी खूण झाली.

त्यानंतर ती व्हॅनच्या पुढच्या बाजूस गेली. हॉर्नला जोडलेली तार तिने सोडवली आणि तिच्या टोकाला सळई टेकवली. काकांनी बटण दाबले, आणि दिवा लख्ख पेटला. म्हणजे वीज हॉर्नच्या दारापर्यंत येत होती. चौथी खूण.

“म्हणजे हॉर्नच बिघडला आहे! नवासुद्धा वाईटच निघाला,” काका कपाळाला हात लावून म्हणाले.

“काका, त्याला विचारल्याशिवाय दोष कसा द्यायचा?” असे म्हणून तिने बॅटरीपासून दोन तारा थेट आणल्या. एक हॉर्नच्या टोकाला लावली आणि दुसरी हॉर्नच्या अंगाला टेकवली. असा खणखणीत आवाज झाला, की समोरच्या पत्र्यावर बसलेली कबुतरे भुर्रकन उडून गेली. हॉर्न उत्तम होता!

आता मात्र मीही विचारात पडलो. बॅटरी चांगली, फ्यूज चांगला, बटण आणि रिले चांगले, तार चांगली, हॉर्नही चांगला. मग बिघाड उरला कोठे? आमच्या विद्यार्थिनीला मात्र आनंद झालेला दिसला. “सर, आता एकच जागा उरली,” ती म्हणाली. तिने बॅटरीवरचा चिमटा काढला आणि हॉर्न ज्या पट्टीवर बसवला होता त्या पट्टीला लावला. सळई पुन्हा त्याच तारेच्या टोकाला टेकवली. काकांनी बटण दाबले. मघाशी लख्ख पेटलेला दिवा आता तेल संपत आलेल्या पणतीसारखा मिणमिणला.

दोष सापडला होता. जाण्याची वाट निर्वेध होती, परतीची वाट अडली होती. तिने पट्टीचा बोल्ट खोलला. चाकांनी उडवलेले चिखलाचे पाणी तेथे वर्षानुवर्षे साचून पट्टी आणि गाडीचे अंग यांच्यामध्ये गंजाचा तांबूस थर बसला होता. त्या थरातून लहान बल्बाला पुरेल न पुरेल इतकी वीज झिरपत होती; हॉर्नला लागणारा मोठा प्रवाह मात्र जाऊ शकत नव्हता. नवा हॉर्न याच गंजलेल्या पट्टीवर बसवलेला असल्यामुळे तोही जुन्यासारखाच गप्प राहिला होता.

तिने पॉलिशपेपरने दोन्ही पृष्ठभाग घासून चकचकीत केले, बोल्ट घट्ट आवळला, पुन्हा गंज चढू नये म्हणून वरून थोडे ग्रीस लावले आणि काढलेली तार जोडली. काकांनी बटणावर अंगठा ठेवला. व्हॅन बोलू लागली! मग त्यांनी आसनाखाली गुंडाळून ठेवलेला जुना हॉर्न बाहेर काढला. तिने तोही थेट बॅटरीला जोडून पाहिला. तोही ठणठणीत वाजला. काकांनी त्याच्यावरून हळूच हात फिरवला आणि म्हणाले, “बिचारा! काही अपराध नसताना घराबाहेर निघाला.”

साऱ्या कामाला एक तासही लागला नाही, आणि वस्तू लागली ती पॉलिशपेपरचा एक तुकडा. वायरिंग बदलावे लागले नाही. वह्यापुस्तकांचे पैसे वाचले. सोमवारी सकाळी मुले पुन्हा व्हॅनमधून शाळेत गेली.

आयुष्यभर मी मराठी शिकवली. त्यामुळे तिचे काम पाहताना मला वर्गातील वाक्यपृथक्करणाची आठवण झाली. लांबलचक वाक्याचा अर्थ लागत नसेल, तर आपण घाबरत नाही. आधी क्रियापद शोधतो, मग कर्ता, मग कर्म, आणि त्यानंतर इतर शब्दांचा एकमेकांशी असलेला संबंध. एकेक पाऊल नक्की करीत गेलो, की जेथे अडले आहे ती जागा आपोआप समोर येते. तिने हेच केले. तिने एका वेळी एकच प्रश्न विचारला, त्याचे उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी किंवा कानांनी घेतले आणि मगच ती पुढे सरकली. तर्क तर दुकानदारानेही केला होता. परंतु तर्क पडताळून पाहण्याचे कष्ट त्याने घेतले नव्हते. अंदाज आणि ज्ञान यांतले अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

मुलांनो, ही रीत तुम्हालाही आजपासून वापरता येईल. घरातील विजेरी लागत नसेल, तर ती आपटू नका आणि लगेच नवी मागू नका. सेल संपले आहेत का, ते उलटे बसले आहेत का, तळाच्या स्प्रिंगवर गंज आहे का, दिवा शाबूत आहे का, असे एकेक विचारून पाहा. मोटारीच्या बॅटरीला मात्र जाणत्या माणसाशिवाय हात लावू नका; आणि आजच्या बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगमध्येच हवेची सुरक्षापिशवी बसवलेली असते, तेव्हा ते तर मुळीच उघडू नये.

त्या रविवारी आणखी एक विचार माझ्या मनात घोळत राहिला. जो गप्प बसतो, त्यालाच आपण दोषी ठरवतो. हॉर्न वाजत नाही, म्हणून हॉर्न वाईट! वर्गातही असेच घडते. एखादा मुलगा उत्तर देत नाही, की सोबती त्याला ‘ढ’ म्हणून मोकळे होतात. पण शेवटच्या बाकावर बसलेल्या त्या मुलाला कदाचित फळ्यावरची अक्षरेच दिसत नसतील. कदाचित त्याला उत्तर येत असेल, पण हसे होईल या भीतीचा गंज त्याच्या परतीच्या वाटेवर चढला असेल. अशा वेळी मुलगा बदलावा लागत नाही. गंज तेवढा घासून काढावा लागतो. तुमच्या वर्गात असा कोणी गप्प सोबती असेल, तर त्याला नाव ठेवण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून एक प्रश्न विचारा.

वाचा परत मिळाली की ती कशी वापरायची, हा प्रश्न उरतो. मालमोटारींच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. या अक्षरांमुळे विनाकारण हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते, म्हणून २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने व्यापारी वाहनांवर ती लिहिण्यास मनाई केली. ध्वनिप्रदूषणासंबंधी २००० मध्ये केलेल्या नियमांनुसार रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो, आणि तेथे हॉर्न वाजवण्यास मनाई असते. मोटारवाहनांच्या नियमांनीही अनेक सुरांचे आणि कर्कश हॉर्न निषिद्ध मानले आहेत. रस्ता अडला म्हणून, सिग्नलला क्षणभर थांबावे लागले म्हणून, किंवा आपण आलो आहोत हे मित्राला कळावे म्हणून जो हॉर्न वाजवतो, तो त्या एका मोलाच्या शब्दाची किंमत कमी करतो. सारखेच ‘सावध, सावध’ ओरडणाऱ्याकडे खऱ्या संकटाच्या वेळी कोणी वळूनही पाहत नाही.

हॉर्न दुरुस्त झाल्यावर मी व्हॅनकाकांना विचारले, “आता दिवसातून किती वेळा वाजवता?” ते म्हणाले, “गल्लीच्या वळणावर एकदा, सर. बाकी वेळी ब्रेकवर पाय असतो.” मला वाटते, वाचा असलेल्या प्रत्येकाने हे उत्तर लक्षात ठेवावे. हॉर्न चांगला असावा, तो वेळेवर वाजावा. पण तो आपला राग सांगण्यासाठी नाही. समोरून येणाऱ्याचा जीव जपण्यासाठी आहे.